घड्याळावरचे वळण

"हे वळण तापमानावर येत नाही, कुमुद. ते घड्याळावर येतं."

गुणवंतने आलेखाचा कागद माझ्या टेबलावर पसरला आणि कूलरच्या झोताने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजने ठेवली. सोमवार, १६ मे १९८८. नागपूरला आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत भिंतीवरचा पारा त्या वेळी एक्केचाळीस अंशांवर होता. हा आकडा मला आठवतो असे नव्हे. तो वहीत लिहिलेला आहे.

"म्हणजे काय?" मी विचारले.

"तुझे अकरा प्रयोग मी वेळेवर मांडून पाहिले. आडव्या रेषेवर तापमानाच्या जागी घड्याळ. अकराच्या अकरा वळणं एक ते दीडच्या मध्ये पडतात."

"पडणारच. मी रोज दहाला सुरू करते, रोज सारख्याच गतीनं तापवते. एकोणसत्तर अंश गाठायला सव्वा वाजतोच."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तू वगळलेले दोन दिवस शोधले."

ते दोन दिवस मला ठाऊक होते.

आधी हे वळण म्हणजे काय ते सांगायला हवे. एका क्षाराचा स्फटिक मी सावकाश तापवत असे आणि त्यातून वीज किती सहज वाहते ते मोजत असे. तापमान वाढेल तशी आलेखाची रेघ सरळ वर जायला हवी, असे आजवर मानले गेले होते. माझी रेघ एकोणसत्तर अंशांवर वळत असे. अकरा वेळा प्रयोग केला, अकरा वेळा वळली. कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट लागोपाठ अकरा वेळा दिसल्यावर चोवीस वर्षांच्या माणसाचे काय होते, यावर मात्र कुणी प्रयोग केलेला नाही.

बंगलोरच्या प्रा. केशवमूर्तींना मी तो आलेख पाठवला होता आणि त्यांनी मला पीएच.डी.साठी बोलावले होते. गुणवंत आणि मी डिसेंबरात नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. त्याचा विषय दगडात उमटलेल्या पानांचा, म्हणजे वनस्पतींच्या जीवाश्मांचा. त्यावर नीट काम करायचे तर लखनौ, आणि त्याला लखनौचे बोलावणे आले होते. बंगलोरला त्याच्या विषयाचा मार्गदर्शक नव्हता, लखनौला माझ्या विषयाचा नव्हता. दोन्हीकडे ३१ मेपर्यंत उत्तर कळवायचे होते.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही ठरवले, की ज्याचे काम अधिक वजनाचे त्याच्या गावी दोघांनी जायचे आणि दुसऱ्याने तिथे जे मिळेल ते करायचे. निकालही गुणवंतनेच दिला. "माझी पानं सहा कोटी वर्षं थांबली आहेत. आणखी थोडी थांबतील. तुझं वळण मात्र उद्या दुसरं कुणी छापेल. बंगलोर."

त्यानंतर त्याने लखनौला नकार पाठवायचा होता. मे उजाडला. मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा तो "पाठवतो" म्हणाला. तिसऱ्यांदा मी विचारले नाही, फक्त लक्षात ठेवले.

प्रा. केशवमूर्तींनी सगळे आलेख काळ्या शाईत स्वच्छ काढून मागितले होते. पानांच्या शिरा काढून काढून गुणवंतचा हात बसलेला होता, म्हणून माझ्या वह्या गेले दहा दिवस त्याच्याकडे होत्या. तो थरांच्या शास्त्रातला माणूस. कोणतीही गोष्ट हातात आली, की आधी काय आणि नंतर काय हे त्याला पाहावेच लागते.

"ते दोन दिवस वीज नव्हती," मी म्हणाले. "साडेअकराला सुरू केलं. नमुना बिघडला होता."

"वहीत 'नमुना जुना' असं लिहिलंयस. त्या दोन्ही दिवशी रेघ एक्कावन्न अंशांवर वळली. पण वाजले होते किती? सव्वा. त्याच सुमाराला."

"मग?"

"मग सव्वा वाजता या खोलीत काय होतं?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी कोपऱ्यातल्या थर्मासकडे पाहिले.

तापमान मोजायला मी दोन धातूंच्या तारांची जोडी वापरत असे. तिचे एक टोक स्फटिकाला चिकटलेले असते, दुसरे बर्फात बुडवलेले. ती जोडी तापमान सांगत नाही, दोन टोकांमधला फरक सांगते. बर्फातले टोक शून्यावर आहे असे धरून बाकीचा हिशोब होतो. ते शून्यावरून हलले, तर सगळे आकडे हलतात आणि सरळ रेघही वळते.

मी विभागातले परिचर नामदेवराव यांना हाक मारली. ते दारातूनच म्हणाले, "काय जी मॅडम?"

"थर्मासमध्ये बर्फ तुम्ही किती वाजता भरता?"

"दहालेच भरतो जी. तुम्ही या का न या, लाइट असो का नसो. उशीर केला त लादी भेटत नाही, रसवंतीवाले नेऊन टाकतात."

"आणि तो किती वेळ टिकतो?"

"या उन्हात? बाराले अर्धा होते. एक वाजता त पाणीच होऊन जाते."

"नामदेवराव, हे तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी इचारलंच नाही जी. मले वाटलं, दुपारच्याले पाणीच पाह्यजे असन."

ते गेले. गुणवंत हसला नाही, आणि त्याचाच मला राग आला. हसला असता तर मी वेगळे काही बोलले असते.

"लखनौचं पत्र गेलं का?" मी विचारले.

"त्याचा इथे काय संबंध?"

"मुदत संपायला पंधरा दिवस आहेत. तुझा नकार गेलेला नाही. आणि नेमक्या याच वेळी तुला माझ्या वहीत चूक सापडते. तू माझ्या जागी असतास तर संबंध लावला नसतास?"

त्याने एकेक करून वजने उचलली, आलेखाची गुंडाळी केली आणि म्हणाला, "लावला असता. उद्या बर्फ दुप्पट आणायला सांग."

दुसऱ्या दिवशी मी त्याला प्रयोगाला हात लावू दिला नाही. तो बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसून राहिला. नामदेवरावांनी भुशात गुंडाळलेल्या दोन लाद्या सायकलवरून आणल्या. दर अर्ध्या तासाने मी थर्मासमधले पाणी काढून नवा बर्फ भरत होते. एक वाजला. सव्वा झाला. एकोणसत्तर अंश आले आणि गेले. ऐंशीपर्यंत रेघ पट्टीने आखावी तशी सरळ गेली.

एका प्रयोगावर विसंबणे मला पटत नाही. बुधवारी मी उलटे केले. अकरा वाजता स्वतःच्या हाताने थर्मासमधला सगळा बर्फ काढून टाकला आणि टोक कोमट पाण्यात सोडले. काही मिनिटांत रेघ वळली, बेचाळीस अंशांवर. गेले अडीच महिने मी जे निसर्गाच्या नावावर मांडत होते, ते मला हवे तेव्हा, हव्या त्या अंशावर करून दाखवता येत होते.

मी व्हरांड्यात आले. गुणवंत वर्तमानपत्राने वारा घेत होता.

"बरोबर होतं तुझं," मी म्हणाले.

"हो का," एवढेच तो म्हणाला.

प्रा. केशवमूर्तींना पत्र लिहायला त्या दिवसाची संध्याकाळ गेली. पंधरा ओळींचे पत्र. मी ते गुणवंतला वाचायला दिले. त्याने पेन्सिलने एकच शब्द खोडला.

"'कदाचित' काढून टाक."

"कुठला 'कदाचित'?"

"'हे वळण कदाचित उपकरणातील दोषामुळे असावे.' कालच्या दोन लाद्यांनंतर कदाचित कसलं?"

मी तो शब्द काढला. पाकीट चिकटवताना म्हणाले, "आता सोपं झालं. बंगलोर संपलं. तू उद्या लखनौला होकार पाठव. मी तिथे शाळेत शिकवीन."

"बघू," तो म्हणाला.

हा "बघू" मला जिंकलेल्या माणसाचा संकोच वाटला. तेही मी लक्षात ठेवले. माझा राग अजून गेलेला नव्हता, फक्त त्याला आधार उरला नव्हता, आणि आधार नसलेला राग फार शिस्तीत वागतो. पुढचे सहा दिवस मी त्याच्याशी अतिशय नीट बोलले.

मंगळवारी, चोवीस तारखेला, लखनौचे पत्र आले. गुणवंत जीवाश्म गोळा करायला छिंदवाड्याकडे गेला होता. दोन्ही गावांची पत्रे ज्याच्या हाती पडतील त्याने उघडायची, असे आमचे ठरलेले होते. मी उघडले. चार ओळी होत्या. "आपले १३ मेचे पत्र मिळाले. आपण जागा स्वीकारू शकत नाही हे वाचून खेद झाला. नकाराचे कारण आपण कळवले नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

मी ते पुन्हा वाचले. मग कॅलेंडरपाशी गेले. १३ मे, शुक्रवार. आलेख घेऊन तो प्रयोगशाळेत आला तो सोमवार, सोळा.

मला वाटले तारीख चुकली असेल. पत्रांवर तारखा चुकतात. मी त्याचे टेबल उघडले, वरच्याच खणात रजिस्टर पत्राची पावती होती. टपालाचा शिक्का स्पष्ट होता. १३ मे.

बुधवारी दुपारी तो परत आला, केसांत धूळ, खांद्यावर दगडांनी भरलेली पिशवी. त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत मी थांबले. मग पत्र आणि पावती त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

त्याने दोन्ही पाहिली. "नकार. तूच सांगितलं होतंस पाठवायला."

"गुणवंत, मी त्या सोमवारी तुला काय बोलले ते तुला आठवतं. तेव्हा तुझा नकार जाऊन तीन दिवस झाले होते. एवढंच सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते."

"गप्प बसली असतीस आणि माझ्या नकाराचं काय करायचं यात गुंतली असतीस. बर्फ तसाच राहिला असता."

"पण आधी पाठवायचं कारण काय? चूक दिसली होती ना तुला? चूक खरी ठरली की बंगलोर बाद, हे तुला कळत होतं. मग लखनौ आपल्या हातानं कशाला घालवलंस? दोन्हीकडून जायची वेळ आणलीस!"

त्याने पिशवीतला एक दगड काढला, उलटसुलट केला आणि पुन्हा आत ठेवला. विचार करायचा असला की तो असे करतो.

"गुरुवारी मला पहिल्यांदा दिसलं," तो म्हणाला. "वळण घड्याळावर. आणि कुमुद, मला आनंद झाला. चूक सापडली याचा नाही. लखनौ मिळणार याचा. रात्रभर मी तेच बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं, की ज्याला वळण खोटं निघायला हवंय, त्याला ते खोटं दिसणारच. दगडात पान आहे असं ठरवून बघितलं, की प्रत्येक भेगेत पान दिसतं. दहा वेळा फसलोय मी तसा."

"म्हणून?"

"म्हणून शुक्रवारी सकाळी लखनौचं दार बंद केलं. आता वळण खरं असलं काय, खोटं असलं काय, मला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. उलट ते खरं निघालं तरच बरं होतं, निदान एकाचं तरी झालं असतं. शनिवार-रविवार वहीला हात लावला नाही. सोमवारी सकाळी कोऱ्या कागदावर सगळं पुन्हा मांडलं. तरी ते सव्वालाच आलं. मग तुझ्याकडे आलो."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कूलरमध्ये पाणी ओतत होते, ते ओतून झाले.

"हा मूर्खपणा आहे," मी म्हणाले.

"असेल."

"असेल नाही, आहे. मुळमुळे सर शेजारच्या इमारतीत बसतात. त्यांना लखनौही नको आणि बंगलोरही नको. वही त्यांच्यापुढे ठेवून 'तेवढं वेळेवर मांडून बघा' म्हटलं असतंस, तर त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं असतं. आलेख दुसऱ्या कुणालाही काढता आला असता!"

गुणवंतने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा आश्चर्याचा भाव होता.

"ते सुचलंच नाही," तो म्हणाला.

मग मात्र आम्ही हसलो. मी इतकी हसले की शेवटी मला डोळे पुसावे लागले, आणि ते हसण्यामुळेच होते असे मी आजही शपथेवर सांगणार नाही.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "आता नागपूर. वर्षभर दोघंही शिकवू, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू."

"नाही," मी म्हणाले. "तुझा नकार कशासाठी होता? आलेख नीट वाचता यावा म्हणून. आलेख वाचून झाला. आता त्या नकाराचं काम संपलं. मी तो परत मागते."

"असं कुणी परत देत नसतं."

"मागितल्याशिवाय कसं कळणार?"

त्याच दिवशी मी लखनौच्या संचालकांना लिहिले. विनंती असा शब्द त्यात नव्हता. तारखा होत्या, तेरा प्रयोगांचा वेळेवर मांडलेला आलेख होता, दोन लाद्यांनंतरची सरळ रेघ होती, आणि शेवटी एक वाक्य: "नकाराचे कारण कळवलेले नाही असे आपण लिहिले होते, ते सोबत जोडले आहे." गुणवंतला मी ते पोस्टात टाकून आल्यावर दाखवले. तो म्हणाला, अशा पत्राला उत्तर येत नाही, लिहिणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना अशी विचारपूस येते, आणि तीही घरच्यांकडे.

तीस तारखेला बंगलोरचे उत्तर आले. प्रा. केशवमूर्तींनी लिहिले होते, की त्या वळणावर काम करायला त्यांनी दोन वर्षे राखून ठेवली होती, ती मोकळी झाली. जागा विद्यार्थिनीला दिली होती, वळणाला नव्हे, त्यामुळे ती कायम आहे. नवा विषय कोणता, हे त्यांना आज सांगता येत नाही. सांगता येत नसताना यायची तयारी असेल तर एक जुलैला यावे.

एकतीसला लखनौची तार आली. जागा अजून भरलेली नाही. गुणवंत गावंडे यांनी दहा जुलैपूर्वी रुजू व्हावे.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आम्ही बसलो. एप्रिलमधल्या रविवारी होतो तिथेच पुन्हा आलो होतो, दोन गावे आणि दोन माणसे. फरक एवढाच, की कुणाचे काम अधिक वजनाचे हा प्रश्न आता दोघांपैकी कुणीही काढला नाही.

"चार वर्षं," गुणवंत म्हणाला.

"पाच धर. तुझी पानं हळू आहेत."

"मधे नागपूर आहे. तू वर ये, मी खाली येतो."

अंजनगावला सासूबाईंना सांगायला गेलो. जेवायला वाढता वाढता त्या म्हणाल्या, "दोन गावालेच राहायचं होतं, त लगन काहून केलं बाप्पा?" गुणवंत म्हणाला, "आई, लग्न नसतं केलं तर दोन गावांना जायची हिंमत झाली नसती." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. ते संमतीदर्शक होते की नाही, हे मला तेव्हा ठरवता आले नाही; पुढे दर सुट्टीत बंगलोरला पार्सलने येणाऱ्या लोणच्याच्या बरण्यांवरून ठरवले.

एकोणतीस जूनला सकाळी दहाला माझी दक्षिणेकडची गाडी होती. त्याची उत्तरेची गाडी चार दिवसांनी. फलाटावर त्याने माझी ट्रंक बाकाखाली ढकलली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. पाच आठवडे एक प्रश्न माझ्या डोक्यात होता. गाडी सुटायला पाच मिनिटे असताना तो मी विचारला.

"सोमवारी पुन्हा मांडलंस तेव्हा वळण तापमानावरच निघालं असतं तर? घड्याळाचा काही संबंध नाही असं दिसलं असतं तर?"

"तर काय. तुझ्याबरोबर याच गाडीत बसलो असतो. बंगलोरला एखाद्या कॉलेजात शिकवलं असतं."

"आणि मला हे कधी सांगितलं असतंस? शुक्रवारचं?"

तो क्षणभर विचारात पडला. प्रश्न त्याला अवघड वाटला म्हणून नव्हे. मी तो का विचारते आहे हे त्याला कळेना.

"त्यात सांगायचं काय होतं?" तो म्हणाला. "वळण खरं होतं, एवढंच झालं असतं."

गाडी हलली. तो खिडकीबरोबर थोडा चालला, मग फलाट संपला.

त्यानंतर चार वर्षे सात महिने आम्ही नागपूरला भेटत राहिलो. मग त्याची पानेही संपली आणि माझा विषयही, आणि आम्ही एका गावात आलो. चौतीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आले, की ज्याची नोंद नाही ते घडले असे धरू नका. हे मी प्रामाणिकपणे सांगितले आणि आजही सांगेन. पण गुणवंतची ती एक गोष्ट मला कळली, ती लखनौच्या एका कारकुनाने पत्रात तारीख लिहिली म्हणून. तारीख नसलेल्या अशा किती असतील, हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही. तेव्हा त्या आहेत असे धरूनच मी राहत आले आहे.